बेरिलची बॅच

क्लबात बारमागच्या भिंतीवर टेरी बॅलार्डचा फोटो होता आणि बेरिल हॅकेट गेली सोळा वर्षं त्या फोटोकडे पाठ करून बसत आली होती. फोटोत टेरी पिवळ्या स्पॅरो गाडीच्या टपावर कोपर टेकून उभा. डोक्यावर टोपी, ओठावर जाड मिशी, आणि खाली सही ठोकलेली : 'मिच, बॅक! तुमचाच, टेरी.'

"काय बेरिल, मिशी वाढतेय ना?" क्लाइव्हने विचारलं. बार सांभाळायला लागल्यापासून दर शनिवारी तो हेच विचारायचा आणि दर शनिवारी स्वतःच हसायचा.

"तुझ्यापेक्षा बरी वाढतेय. माझी बॅच दे. बेकन चांगलं कुरकुरीत कर, आणि तो लाल सॉस घातलास तर तुझ्याच शर्टावर ओतीन. तपकिरी घाल."

कॉव्हेंट्रीत गोल पावाला बॅच म्हणतात. इथे जन्मलेल्या माणसाला त्याला दुसरा शब्द असू शकतो हे दहा मैल बाहेर गेल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं तरी तो आपला शब्द बदलत नाही. ही गोष्ट त्या एका शब्दावर उभी आहे म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

'लिस्बनचं पार्सल' हा पिक्चर इंग्लंडला तोंडपाठ आहे. दर नाताळात टीव्हीवर लागतो आणि दर नाताळात लोक तो पहिल्यांदाच बघतोय अशा थाटात बघतात. लिस्बनच्या बँकेतून सोन्याच्या विटा पळवणारी टोळी, तिचा म्होरक्या मिच, तीन बुटक्या स्पॅरो गाड्या आणि शेवटी गटाराच्या पाइपातून पलायन. पिवळी गाडी वेगात पाइपच्या भिंतीवर चढते, पार आडवी होते, आतून कोणीतरी चिरक्या आवाजात ओरडतं, 'मिच, बॅक!', म्हणजे मिच, मागे हो, आणि खिडकीतून काहीतरी पिवळसर खाली पडतं. ती सोन्याची वीट, असं तीस वर्षं सगळे सांगत आले.

आता लिस्बनचं ते गटार लिस्बनमध्ये नव्हतंच. सदुसष्ट साली कॉव्हेंट्रीच्या बाहेर सांडपाण्याचे नवे पाइप घालत होते, त्यातल्या एकात तो प्रसंग घेतला. गाड्याही इथल्याच. बेरिल तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि कारखान्यात तयार झालेल्या गाड्या लाइनवरून आवारात नेऊन लावायचं काम करायची. दिवसाला साठ-साठ गाड्या, बर्फ पडो की पाऊस. शूटिंगला गाड्या पोचवायला तिलाच धाडलं होतं. लंडनहून आलेला टेरी बॅलार्ड एकदा आत गेला आणि घसरत परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा डोकं आपटलं, बाहेर येऊन भडाभडा ओकला आणि पाइपच्या तोंडाशी फतकल मारून बसला. म्हणाला, आता मेलो तरी जाणार नाही. उजेड चालला होता. दिग्दर्शक स्वतःचे केस उपटत होता. तेव्हा बेरिल म्हणाली, "मी नेते."

तिच्या ओठावर डिंकाने मिशी चिकटवली. कारखान्याला कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती आणि स्टंटवाल्यांच्या युनियनला कळलं असतं तर पिक्चर बंद पडला असता, म्हणून तिच्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं. तिने ते पंधरा वर्षं पाळलं. ब्याऐंशी साली कारखानाच बंद झाला, तेव्हा तिला वाटलं, आता कोणासाठी तोंड शिवून बसायचं? एका शनिवारी तिने क्लबात सगळं सांगून टाकलं. क्लब हसून लोटपोट झाला. पुढच्याच आठवड्यात क्लाइव्हने तो फोटो लावला.

हसण्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण त्या दिवशी तिचा नवरा रॉनही हसला होता, आणि तेच तिच्या काळजात रुतून बसलं. "पुरे गं बेरिल," असं तो प्रेमानेच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला तो तिच्यावर विश्वास न ठेवताच गेला.

आणि आता, अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, शेजारच्या लेमिंग्टनहून पत्र आलं. एक कंपनी त्या पिक्चरवर व्हिडिओ गेम काढत होती. याआधीही एकदा निघाली होती, कॅसेटवरची, त्यात गाडी म्हणजे चार चौकोन आणि एक टुकटुक आवाज. आताच्या गेममध्ये सगळं खऱ्यासारखं हवं होतं. गाडीचा आवाजसुद्धा. जिल्ह्यात चालू अवस्थेतली स्पॅरो एकट्या बेरिलकडे होती, पिवळीच. तिचं इंजिन ध्वनिमुद्रित करायला मिळेल का? 'गाडी स्वतः श्री. टेरी बॅलार्ड चालवतील,' असंही पत्रात लिहिलं होतं, म्हणजे जसं काही त्यामुळे तिचं मन हरखून जाईल.

बेरिलने पत्र दोनदा वाचलं, गाडी पुसली आणि निघाली.

कंपनीची कचेरी एका बुटांच्या दुकानाच्या वर होती. मालक मार्टिन क्लेग उत्तरेकडच्या बोल्टनचा, चाळिशीतला, सतत पेन्सिल चावणारा. कॉम्प्युटरवर बसलेली जसबीर साहोटा गेममधल्या गाड्यांचं सगळं बघायची. आणि खिडकीशी खुर्चीवर टेरी बॅलार्ड. सहासष्ट वर्षांचा, उन्हात भाजलेला, मिशी आता खरी आणि काळी रंगवलेली.

"अगं राणी, तूच का ती गाडीवाली?" तो उठून म्हणाला. "कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय."

"बघितलंयस. ओकत होतास तेव्हा," बेरिल म्हणाली.

टेरी हसला, पण त्याची नजर लगेच मार्टिनकडे वळली. मार्टिनला काही कळलं नव्हतं. तो उत्साहाने गेम दाखवायला लागला होता. पडद्यावर पाइप आला. पिवळी गाडी भिंतीवर चढली, टेरीच्या नव्याने भरलेल्या आवाजात 'मिच, बॅक!' झालं आणि खिडकीतून झगझगीत सोन्याची वीट खाली आली.

"ती पकडली की हजार पॉइंट!" मार्टिन म्हणाला.

बेरिल हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि जसबीरने पाणी आणून दिलं.

"वीट कसली मेल्यांनो!" ती डोळे पुसत म्हणाली. "ती माझी बॅच!"

"कसली बॅच?" मार्टिनने विचारलं.

जसबीरचे हात थांबले. ती वळली. "बेकनची?"

"मग काय! कॅन्टीनमधून आणलेली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पुढच्या फळीवर ठेवली होती, गाडी आडवी झाली तशी सुळकन निघाली आणि खिडकीबाहेर गेली. मी ओरडले, माझी बॅच!"

कॉव्हेंट्रीत 'माझी'ला तोंडातल्या तोंडात 'मि' म्हणतात. जसबीर शहराच्या फोल्सहिल भागात वाढलेली. तिला समजवावं लागलं नाही. तिने मूळ पिक्चरचा आवाज काढला आणि लावला. 'मिच, बॅक.' पुन्हा लावला, जरा सावकाश. 'मि बॅच.' तिसऱ्यांदा लावला तेव्हा तर 'मिच' कुठे सापडेचना. एकदा खरं ऐकल्यावर खोटं परत ऐकू येत नाही, तशातली गत झाली.

"आणि हा बाईचा आवाज आहे," जसबीर म्हणाली.

"भीतीने चिरकला होता माझा," टेरी म्हणाला. "शंभरदा सांगितलंय मी हे."

मार्टिनने पेन्सिल तोंडातून काढली. "मला कोणीतरी सांगाल का, बॅच म्हणजे काय?"

"बार्म," जसबीर म्हणाली. "तुमच्या बोल्टनचा बार्म."

"मग बार्म म्हणा ना सरळ! टेरी, काय रे, पडलं काय होतं ते?"

टेरीने क्षणभर छताकडे पाहिलं. "हां, आता आठवलं. नाश्ताच होता. बरोबर. बेकन रोल. मीच ठेवला होता."

"रोल," जसबीर म्हणाली आणि तो आवाज पुन्हा लावला. 'मि बॅच.' मग पुन्हा एकदा. "यात रोल कुठे आहे, मिस्टर बॅलार्ड? लंडनचा माणूस जीव गेला तरी बॅच म्हणेल का?"

 टेरीच्या कपातला चहा संपला होता तरी त्याने कप तोंडाला लावला. मार्टिन एकदा त्याच्याकडे आणि एकदा बेरिलकडे बघत राहिला. खालच्या दुकानात कोणीतरी बूट आपटून बघत होतं.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," मार्टिन शेवटी म्हणाला.

एकतीस वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं. आणि त्या शब्दांच्या पाठोपाठच मार्टिनचा 'पण' आला. पण खोक्यावर टेरीचं चित्र छापून झालंय. पण पिक्चरवाल्यांशी झालेल्या करारात ड्रायव्हर म्हणून टेरीचं नाव आहे. पण शुक्रवारी गेम छपाईला जायची आहे. "शेवटी आभारात तुमचं नाव टाकू," तो म्हणाला. "'गाडीसाठी विशेष आभार.'"

"गाडीसाठी? गाडी काय आपली आपण चालत गेली होती?"

"मिसेस हॅकेट, माझा नाइलाज आहे हो."

बेरिलने टेबलावरची किल्ली उचलली. सरळ जिना उतरून घरी जावं आणि यांना त्या टुकटुक आवाजावर गेम काढू द्यावी, असं तिला फार वाटलं. तसं केलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? तिचंच. शनिवारी पुन्हा तो क्लाइव्ह, पुन्हा ती मिशी. ती दारातून वळली.

"ठीक आहे. मला तुमचे आभार नकोत. पण गाडी मी चालवणार. हा नाही."

मार्टिनचा जीव भांड्यात पडला. "हो हो, चालवा की! मायक्रोफोनला काय दिसतंय, कोण चालवतंय ते."

जसबीरने मान वर करून बेरिलकडे पाहिलं. बेरिलही तिच्याचकडे बघत होती.

दुपारी सगळे जुन्या चाचणीच्या ट्रॅकवर गेले. कारखाना गेला, ट्रॅक तेवढा राहिला होता. त्याचं शेवटचं वळण काँक्रीटचं, ताटाच्या काठासारखं वर उचललेलं, वरच्या कडेला तर उभंच. भेगांतून गवत आलं होतं. जसबीरने एक मायक्रोफोन इंजिनाशी लावला, दुसरा आत, आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडीवर घेऊन बाजूच्या सीटवर बसली.

बेरिल टायर बघत होती तेवढ्यात टेरी जवळ आला. मार्टिन लांब होता.

"बेरिल," तो म्हणाला. राणीबिणी आता नव्हतं. "हे सगळीकडे सांगत सुटू नकोस. वयाच्या पंचेचाळिशीनंतर मला कोणी काम दिलं नाही. गुडघे गेलेत. लोक बोलावतात, मी तो पाइपचा किस्सा सांगतो, सह्या देतो. तेवढ्यावर चूल पेटतेय माझी."

त्याच्या मिशीचा रंग घामाने ओघळला होता. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

"तुझी चूल पेटू दे रे बाबा," ती म्हणाली. "त्या पिक्चरात पुलावरून उडी मारलीस ती तुझीच होती. मी बघितली होती, झकास मारली होतीस. ती सांग की. लोक ऐकतील. पण माझ्या बॅचवर तुझी चूल नको पेटवूस."

"लोक पुलाचं विचारतच नाहीत."

"मला तर कोणी काहीच विचारलं नाही, एकतीस वर्षं."

ती गाडीत बसली. मार्टिन खिडकीशी आला आणि म्हणाला, दोन-तीनदा फेऱ्या मारू, त्यातली चांगली ठेवू.

"दोन-तीन कुठल्या? एकच," बेरिल म्हणाली. "या इंजिनात पूर्ण वेगाची एकच फेरी शिल्लक आहे. मेकॅनिकने कधीच हात टेकलेत. इंजिनाचं गॅस्केट फाटणार, आणि मग ही गाडी काही परत ओरडायची नाही. तेव्हा काय हवं ते एका दमात घ्या."

मार्टिनचा चेहरा पडला, पण दुसरी गाडी आणायची कुठून? तो मागे सरला. जसबीरने कानाला हेडफोन लावले आणि समोर बघत, अगदी कामाचं सांगावं तसं म्हणाली,

"आंटी, एक लक्षात ठेवा हं. इंजिन टिपेला असताना आत कोणी बोललं ना, तर तो आवाज मिसळून जातो. मग कितीही डोकं आपटा, वेगळा काढता येत नाही. म्हणून तोंडातून शब्द काढायचा नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात. विशेषतः त्या उभ्या वळणावर. तिथलाच आवाज पाइपला वापरणार आहोत आपण."

"बरं झालं सांगितलंस बाळा," बेरिल म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पहिला गिअर, दुसरा. सरळ पट्ट्यावर तिसऱ्यात टाकताना स्पॅरो कुरकुरली, मग सुटली. बेरिलच्या हाडांना सगळं आठवत होतं. ब्रेकला पाय लावायचा नाही. भिंत आली की पोटात गोळा येतो, आणि पोटाचं ऐकून पाय उचलला की मेलात. टेरीने तेच केलं होतं. तिने पाय तसाच दाबून धरला. काँक्रीट समोर उभं राहिलं, गाडी कलली, चढली, क्षितिज खिडकीत आडवं झालं आणि जसबीर दाराला चिकटली. इंजिन टिपेला पोचलं. वरच्या कडेला, जिथे सगळ्या गाड्या हार मानून खाली येतात तिथे, बेरिलने छाती भरून श्वास घेतला.

"बेरिल हॅकेट!" ती ओरडली. "गाडीत मी होते!"

इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडली. एकतीस वर्षांचं साठलेलं सगळं त्यात आलं, रॉनचं ते 'पुरे गं' सुद्धा. मग गाडी उतरणीला लागली, पुढून फाट्कन आवाज झाला आणि पांढरी वाफ काचेवर आली. गाडी आपल्या आपण घरंगळत सपाटीवर येऊन थांबली.

 मार्टिन धावत येत होता.

"मिळालं का? नीट आलंय ना?"

जसबीरने हेडफोन उतरवले.  "मिळालं. यापेक्षा चांगला आवाज मिळायचाच नाही."

बेरिलने उतरून बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला तरी जरा वेळ तसाच ठेवला. बत्तीस वर्षं जपलेली गाडी होती, वाईट वाटायचं ते वाटलंच. पण पश्चात्ताप म्हणाल तर कणभरही नाही.

मार्टिनला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याने आदळआपट केली, पेन्सिल मोडली, जसबीरला वाटेल ते बोलला आणि दुसऱ्या स्पॅरोसाठी देशभर फोन फिरवले. संग्रहालयांतल्या गाड्यांत इंजिनंच नव्हती. एक चालणारी सापडली ती न्यूझीलंडमध्ये. शुक्रवार उद्यावर आला तसा तो जसबीरच्या मागे येऊन बसला आणि तो आवाज त्याने पाच-सहा वेळा ऐकला. "पाइपात घुमेल," तो शेवटी म्हणाला. "कोणाला काय कळतंय." करारात आवाजाबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं. टेरीने भरून दिलेलं 'मिच, बॅक' मात्र त्या एका जागेवरून काढावं लागलं, दोन्ही एकदम ऐकताना नुसता गोंधळ व्हायचा.

डिसेंबरात क्लबाच्या नाताळच्या जेवणाला क्लाइव्हने ती गेम आणली. बारवर टीव्ही ठेवला, खोक्यावरचा टेरी सगळ्यांना दाखवला आणि स्वतःच खेळायला बसला. भोवती पंधरा-वीस जण जमले. बेरिल नेहमीच्या खुर्चीत, फोटोकडे पाठ करून, बॅच खात होती.

"ये ना बेरिल, बघ तुझी गाडी," क्लाइव्ह ओरडला. "मिशी लावून ये!"

सगळे हसले. क्लाइव्हने गाडी पाइपात घातली. पिवळी स्पॅरो भिंतीवर चढली, आडवी झाली, इंजिन टिपेला गेलं, आणि पाइप भरून आवाज घुमला. एकेक अक्षर स्वच्छ, कॉव्हेंट्रीच्या बोलीत, क्लबातल्या प्रत्येकाने रोज ऐकलेल्या आवाजात. खिडकीतून काहीतरी गोल, पिवळसर, मधोमध कापलेलं खाली पडलं. हजार पॉइंट.

हसणं थांबलं. क्लाइव्हचे अंगठे बटणांवर तसेच राहिले आणि गाडी पाण्यात जाऊन उलटली.  एकेक मान बेरिलकडे वळली.

"बेरिल," क्लाइव्ह म्हणाला, "हे... काय म्हणाली ती?"

बेरिलने घास संपवला, बोटांवरचा सॉस पुसला. मग उठून खुर्ची वळवली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या फोटोकडे तोंड करून बसली.

"ऐकू आलं नाही?" ती म्हणाली. "परत लाव."